कोरा पेला

१

दर रविवारी न्याहारी आटोपली की प्रोफेसर स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसत आणि स्वतःची परीक्षा घेत. समोर पाच बरण्या: कॉफी, लवंग, व्हिनेगर, साबणाचा चुरा आणि बुटाचं पॉलिश. डोळे मिटून ते एकेक बरणी नाकाशी नेत, थांबत, पुन्हा नेत आणि दर रविवारी नापास होत. व्हिनेगर तेवढं नाकात झोंबे. पण झोंबणं म्हणजे वास नव्हे, हे त्यांनीच सारा जन्म विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. त्यामुळे त्या एका मार्काची खिरापतसुद्धा त्यांना घेता येत नसे.

या गृहस्थांना एके काळी सगळं विद्यापीठ पाठीमागे ‘नाक’ म्हणे. वासाचं रसायनशास्त्र हा त्यांचा विषय. अत्तरवाले, साबणवाले, मद्यवाले त्यांच्याकडे नमुने घेऊन येत, आणि प्रोफेसर दोनदा हुंगून सांगत की बाबांनो, तुमच्या गोदामाचं छप्पर गळतंय. पुढे एक साधा ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं वाट बघा. परत यायचा असेल तर तोवर येईल. नाही आला, तर सवय करून घ्या. ती दोन वर्षं याच महिन्यात भरत होती. घरात कुणी तसं बोललं नव्हतं, म्हणजे सगळ्यांच्या लक्षात होतं.

जेवण पुठ्ठ्यासारखं लागे, त्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. पण बायको खोलीत आहे की नाही, हे मान वळवून बघावं लागे, ते जिव्हारी लागे. बायको गणिताची निवृत्त शिक्षिका. ती म्हणे, “तुम्हाला येत नसेल, पण मला येतो ना तुमचा वास. मलम, खडू आणि हट्टीपणा. मागे येऊन उभे राहिलात तरी मला कळतं.” तिला कधीच दचकवता येत नसे.

तिच्याखालोखाल ही विद्या अवगत होती ती पोस्टमनला. पोस्टमन म्हणजे घरातला म्हातारा कुत्रा. संध्याकाळी सगळे टेकले की तो घरभर फिरून सपाता गोळा करी आणि ज्याची त्याला पोचवी, एकेक करून, गंभीर चेहऱ्याने. त्याच्या हातून पत्ता कधी चुकला नव्हता. प्रोफेसरांची सपात पोचली की ते त्याचा डावा कान दोन बोटांत धरून हळूच दुमडत. हीच त्याची बक्षिसी.

२

त्या रविवारी परीक्षा झाली नाही, कारण बरण्या मांडायच्या आतच मुलगी आली. तीन महिन्यांनी आली होती. पिशवीतून तिने लाकडी खोका काढला, खोक्यातून कागद, कागदातून बाटली, आणि बाटली जेवणाच्या टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरली, जणू ती बाटली आता भाषण करणार होती.

जपानी सिंगल माल्ट. प्रोफेसरांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. तरुणपणी एका परिषदेच्या जेवणात, एका जपानी यजमानाने याच भट्टीची अंगठ्याएवढी व्हिस्की त्यांना पाजली होती. त्या एका घोटाबद्दल ते आजवर इतक्यांदा बोलले होते की मुलीला तो तोंडपाठ होता. आणि ही बाटली तर मुलीच्याच वयाची होती. ज्या वर्षी ती जन्मली त्याच वर्षी ही पिंपात शिरली होती.

“ही पिंपात मुरली, तू आमच्या डोक्यावर मुरलीस,” बायको म्हणाली. किंमत विचारायची नाही, अशी मुलीने अटच घातली.

तेवढ्यात कप्तान आला. हा बायकोचा धाकटा भाऊ. आयुष्यभर मालवाहू बोटींवर काढलेला. आता जमिनीवरही वारा सुटल्यासारखा पाय फाकून चालणारा. बाटली पाहताच त्याने टोपी काढली. प्रोफेसर मात्र घाबरले होते, आणि ते त्यांनी लपवलं नाही. वास नाही तर चव नाही. हे लाख मोलाचं मद्य त्यांच्या जिभेवर नुसतं जळजळेल, आणि मुलगी समोर डोळे लावून बसलेली असेल.

विषय बदलावा म्हणून ते पिंपांबद्दल सांगू लागले. लाकूड श्वास घेतं. दरवर्षी थोडी व्हिस्की लाकडातून उडून जाते, आणि भट्टीवाले त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात.

“इतकी वर्षं वाटा घेतलाय, मग उडतात कसे ते?” कप्तान म्हणाला.

“ती वाफ असते रे.”

बायकोने हिशेब पुढे नेला. “म्हणजे पिंप रिकामं होत जातं. मग त्या जागी काय येतं?”

“हवा.”

“कुठली हवा?”

“तिथलीच. त्या खोलीतली,” प्रोफेसर म्हणाले, आणि का कोण जाणे, बाटली त्यांनी जराशी लांब सरकवली.

३

बाटली फोडायला त्यांनी एका अटीवर होकार दिला. कोरा हवा.

प्रयोगशाळेत त्यांचा हा नियमच होता. कुठलाही नमुना तपासताना शेजारी एक तसाच पेला ठेवायचा, तसाच धुतलेला, तसाच झाकलेला, पण आत नुसतं पाणी. त्याला ते कोरा म्हणत. माणसाचं मन लबाड असतं, वास यायला हवा असं वाटलं की त्याला येतो. मग कोऱ्यालाही येतो का, ते बघायचं. विद्यार्थी कंटाळून म्हणत की सरांना उद्या देव जरी भेटला तरी ते शेजारी एक कोरा उभा करतील.

“इथे काय प्रबंध लिहायचाय?” कप्तानाने कुरकुर केली. पण बायकोला हे पटलं. तिने स्वयंपाकघरात जाऊन दार लोटलं, दोन सारखे पेले घेतले, एकात बोटभर व्हिस्की ओतली, दुसऱ्यात पाणी, दोन्हींवर बशा झाकल्या. पाण्याच्या पेल्याच्या बुडाला तिने निळ्या शाईचा ठिपका दिला आणि दोन्ही आणून नवऱ्यापुढे ठेवले. मुलीने रुमालाने त्यांचे डोळे बांधले. दुपारची वेळ, खिडकीतून पडलेलं ऊन त्यांना पापण्यांतूनही जाणवत होतं.

त्यांनी उजवा पेला उचलला. तोंड किंचित उघडं ठेवून, दोन हप्त्यांत श्वास आत ओढला, जसा ते शिकवत. काही नाही. 

मग डावा.

आधी त्यांना वाटलं, खोलीत कुणी दिवा लावला. सुकवलेलं जर्दाळू. चंदन. खूप दिवसांनी उघडलेल्या पियानोच्या झाकणाखालचं लाकूड. मध, पण कडू फुलांचा. आणि अगदी शेवटी चिमूटभर मीठ, समुद्राचं नव्हे, अंगाचं. ते हे सगळं मोठ्याने बोलत होते हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. दोन वर्षांनी! ते हसत होते.

“हा,” ते म्हणाले. “हाच.”

कुणी टाळी वाजवली नाही. त्यांनी रुमाल वर सारला. बायकोने पेला उचलून बूड दाखवलं. निळा ठिपका.

मुलगी म्हणाली की काही बिघडत नाही, बाबा. असं ती अगदी लहानपणी, पतंग तुटल्यावर, म्हणायची. प्रोफेसरांनी मान डोलावली. मनाचे खेळ. इतक्या वर्षांपूर्वीच्या एका घोटाची आठवण, दुसरं काय. आठवणीला नाक लागत नाही.

पण कप्तानाने दरम्यान दुसरा पेला उचलून घोट घेतला होता आणि तो तोंडात धरून तसाच बसला होता. त्याने तो गिळला. मग सावकाश म्हणाला, “जर्दाळू आहे. ते झाकणाखालचं लाकूडही आहे. आणि शेवटी मीठ. प्रोफेसर, माझ्या तोंडातलं तुम्ही तिथे बसून वाचून दाखवलंत.”

४

पेले गरम पाण्याने धुतले, कोरड्या फडक्याने पुसले. या वेळी कुठला कुठे ठेवायचा हे बायकोने नाणं उडवून ठरवलं. प्रोफेसरांनी पुन्हा डोळे बांधून घेतले आणि मनाशी उलटं ठरवलं, की आता काही आलं तरी बोलायचं नाही, आधी तीनदा तपासायचं.

त्यांनी तीनदा तपासलं. मग पुन्हा कोऱ्याकडे बोट दाखवलं.

कप्तानाने बहिणीकडे संशयाने पाहिलं. ती उखडली. “मी गणिताची बाई आहे, जादूची नाही. हुंग तूच.” त्याने हुंगलं. मुलीने हुंगलं, चाखलंही. पाणी. नळाचं, साधं.

प्रोफेसर कारणं शोधू लागले, आणि कारणं मिळतातच. वाफ हवेतून आली असेल. फडक्याला लागली असेल. नाकातल्या तारा जुळताना आधी चुकीच्या जुळत असतील. एकेका कारणावर ते समाधानाने मान हलवत आणि दुसऱ्या क्षणी ते कारण स्वतःच खोडून काढत. एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नाही. या वेळी जर्दाळू आणि चंदनाच्या मागे आणखी काही होतं. ओला दगड. थंडी. लाकडाच्या रांगा, एकीमागे एक, अंधारात लांबवर गेलेल्या. खोलीला वास असतो, हे त्यांना ठाऊक होतं. बंद खोलीला वेगळा. आणि बंद खोलीत कुणी असेल तर आणखी वेगळा.

तरी त्यांना भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला होता, आणि या आनंदाचीच त्यांना थोडी लाज वाटत होती. उपाशी माणूस ताट कुणाचं ते विचारत नाही, तसं काहीसं.

“अजून एकदा,” ते म्हणाले.

५

तिसऱ्या वेळी बायकोने कुणाला न सांगता दोन्ही पेल्यांत पाणीच भरलं.

प्रोफेसरांनी पहिला पेला तोंडाशी नेला आणि ती खोली समोर उभी राहिली. आता मागे नाही, समोर. ते उंबऱ्यावर होते. डावीकडे पिंपं, उजवीकडे पिंपं, लोखंडी कड्यांचा गंज, पायाखाली चेपलेली ओली माती. आयुष्यात इतकं स्पष्ट त्यांनी डोळ्यांनीसुद्धा काही पाहिलं नव्हतं. ते हरखून गेले. एकेक वास ओळखीच्या पाहुण्यासारखा पुढे येत होता आणि ते मनातल्या मनात त्याचं नाव घेत होते.

आणि मग त्यांना दोन रांगांच्या मध्ये एक जागा सापडली, जिथे कसलाच वास नव्हता.

सगळीकडे लाकूड, दगड, मद्य, गंज. आणि मधोमध एक कोरी जागा. माणसाच्या उंचीची, माणसाच्या रुंदीची.

नाक थकतं तेव्हा असं होतं, त्यांनी स्वतःला समजावलं. त्यांनी क्षणभर थांबून पुन्हा शोध घेतला. ती जागा आता अलीकडच्या पिंपापाशी होती.

प्रोफेसरांनी श्वास रोखला. पेला नाकाशी तसाच होता, हात हलत नव्हता. बाहेर रस्त्यावरून सायकलची घंटी गेली. पोस्टमन झोपेत कण्हला. आणि त्यांना श्वास आत ओढल्याचा आवाज आला, अगदी जवळून, चेहऱ्यासमोरून. तोंड किंचित उघडं ठेवून. दोन हप्त्यांत.

शिकवलेला श्वास. लांब, मन लावून, काही हातचं न राखता घेतलेला.

मुलीने रुमाल ओढून काढला, कारण त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. ती वाकली होती, तिचे केस त्यांच्या नाकाशी आले, आणि त्यांना केसांचा वास आला. साबण, प्रवासाची धूळ आणि त्याखाली ती स्वतः, जशी पाळण्यात होती तशी.

६

त्यानंतर तासभर त्या घरात जे चाललं त्याला परीक्षा म्हणता येणार नाही, वरातच ती. प्रोफेसर पुढे, बाकीचे मागे. पाच बरण्या त्यांनी एका दमात ओळखल्या, आणि बायकोने लाल पेन्सिल आणून त्यांच्या मनगटावर पैकीच्या पैकी लिहिले. त्यांनी पुस्तकांचं कपाट उघडून त्यात डोकं खुपसलं. ओल्या छत्रीचा वास घेतला, दाराच्या बिजागरीतल्या तेलाचा घेतला. कप्तानाच्या कोटाला अजून डिझेल आणि दोरखंडाचा वास येतोय, असं ते म्हणाले. त्यावर कप्तानाने कोटाची बाही स्वतःच हुंगून पाहिली.

शेवटी त्यांनी खरी व्हिस्की घेतली. पाण्याचे दोन थेंब टाकून, पेला तळहातात धरून. ती अगदी त्यांनी सांगितली होती तशीच होती. मुलगी विचारत होती, कशी आहे, आणि ते म्हणत होते, थांब, अजून संपली नाही, अजून सांगतेय ती. घोट कधीच गेला होता, आणि ती जिभेच्या मागे बसून निवांत बोलत होती. कप्तानाने वल्ह्यांचं एक अचकटविचकट गाणं सुरू केलं. बायको म्हणाली, मला नको, मग म्हणाली, थेंबभर, मग म्हणाली, ठीक आहे, चंदन आहे.

मुलीने बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. थोड्या वेळाने तिने ते उचललं, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा टेकलं. “बाबा, मलम लावायचं सोडलंत?”

सोडलं नव्हतं. सकाळीच लावलं होतं, दोन्ही गुडघ्यांना आणि मानेला. प्रोफेसरांनी सदऱ्याची बाही नाकाशी नेली. काही नाही. बगल. काही नाही. पण यात नवल नव्हतं. स्वतःचा वास स्वतःला येत नसतो, हे तर पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. मुलीला का आला नाही, हे त्या पुस्तकात नव्हतं.

७

ऊन उतरलं. सगळे बाहेरच्या खोलीत पाय वर घेऊन बसले होते. मधल्या दारातून जेवणाचं टेबल दिसत होतं. आवरताना कुणीतरी कोरा पेला उचलून पलीकडच्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला होता. त्यात पाणी होतं. बाकी काही नाही.

पोस्टमन उठला, अंग झाडलं आणि कामाला लागला. कप्तानाची सपात कप्तानाला. मुलीची, कोपऱ्यातल्या दुर्मुखलेल्या जोडीतली, मुलीला. बायकोची, ती स्वयंपाकघरात गेली होती तिथे, टाचेपाशी. मग तो प्रोफेसरांची उजवी तपकिरी सपात घेऊन आला. डावी त्यांच्या पायातच होती.

त्यांनी सवयीने हात खाली सोडला, दोन बोटं तयार ठेवून. पोस्टमनने त्यांच्या पावलाला नाक लावलं. थोडं थांबला. पुन्हा लावलं. मग त्याने एकदा वर पाहिलं, एखाद्या परक्या माणसाने रस्ता अडवल्यावर बघावं तसं, सौजन्याने, आणि त्यांना वळसा घालून निघून गेला.

“म्हातारा झाला,” कप्तान म्हणाला आणि गाण्याचं पुढचं कडवं आठवू लागला.

पोस्टमन जेवणाच्या टेबलापाशी गेला. रिकाम्या खुर्चीखाली त्याने सपात ठेवली, नाकाने सरळ केली. मग मागे सरून बसला आणि मान वर करून बघत राहिला, बसलेल्या माणसाचं तोंड जिथे असतं तिथे. त्याची शेपटी जमिनीवर आपटत होती. तो खूश होता. प्रोफेसर बघत होते. आणि त्यांच्या देखत त्या कुत्र्याचा डावा कान हळूच दुमडला, जरा वेळ तसाच राहिला आणि सुटला.

त्यांना वाटलं की उठावं, पेला मोरीत ओतून द्यावा. तेवढं सोपं होतं. ते उठलेही. पण टेबलापाशी पोचेतो स्वयंपाकघरातून वास आला, सूप उकळत असल्याचा, त्यात मिरी पडल्याचा, आणि त्या वासाच्या आतून तिचा. पदराला पुसलेल्या हातांचा, खडूचा, तिच्या केसांतल्या उन्हाचा. ती कुठे उभी आहे, कुठल्या हातात डाव आहे, हे त्यांना न बघता कळत होतं.

प्रोफेसरांनी पेल्याला हात लावला नाही. खुर्चीसमोर उभं राहून त्यांनी डाव्या पायातली सपात काढली आणि पायाने सारून उजवीच्या शेजारी नीट लावून ठेवली. एकच सपात कुणाला कशाला, असं काहीसं त्यांच्या मनात आलं, आणि हा विचार इतका सभ्य होता की त्यांना हसू आलं.

मग ते अनवाणी, गार फरशीवरून, आवाज न करता स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. बायको पाठमोरी सूप ढवळत होती. ते तिच्यापासून हातभर अंतरावर होते आणि तिला कळलं नव्हतं. आजवर असं कधी झालं नव्हतं. ते उभे राहून नुसते तिचा वास घेत राहिले. पोट भरत नव्हतं.

मागे, जेवणाच्या टेबलाकडून, खुर्ची सरकली. फरशीवर सपाता वाजल्या, सट्, सट्, उजवा गुडघा धरल्यामुळे प्रोफेसरांचं एक पाऊल जरासं घासत येई तशा.

बायकोने मान वळवली नाही. आवाजाच्या दिशेला नुसतं हसली. “आलात का?”

“आलो,” प्रोफेसर घाईघाईने म्हणाले. दुसरं कुणी म्हणायच्या आत.